शेवटचा पहारेकरी पारखायचा कसा? एनएफएल ड्राफ्टमधील ‘सेफ्टी’ निवडीची सविस्तर माहिती

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजेच एनएफएलचा ड्राफ्ट दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस होतो. ३२ संघ, सात फेऱ्या, तीन दिवस आणि अडीचशेच्या आसपास कॉलेज खेळाडूंची निवड, असा हा मामला. चर्चा बहुतेक वेळा क्वार्टरबॅकची होते. मात्र खेळाडू हेरणाऱ्या मंडळींना, ज्यांना तिकडे स्काउट म्हणतात, घाम फोडणाऱ्या जागांमध्ये ‘सेफ्टी’चे नाव हमखास असते. या जागेवरच्या खेळाडूने काम चोख केले तर प्रेक्षकाला फारसे काही दिसतच नाही. तो चुकला, की समोरच्या संघाला मिळालेले सहा गुण सगळा देश बघतो.

मुले-नातवंडे अमेरिकेत असलेल्या आपल्याकडच्या घरांत हा खेळ आता अगदीच परका राहिलेला नाही. रविवारी तिकडे दुपारी सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला लागतात. शिवाय २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच खेळाचा धक्काबुक्की नसलेला प्रकार, फ्लॅग फुटबॉल, समाविष्ट झाला आहे. त्यामुळे ड्राफ्टच्या बातम्या वाचताना या जागेची पारख नेमकी कशी होते, ते समजून घेतलेले बरे.

सेफ्टी म्हणजे कोण?

मैदानात दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू असतात. बचाव करणाऱ्या संघाच्या ढोबळमानाने तीन फळ्या पडतात. पुढे धिप्पाड लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि सर्वांत मागे कॉर्नरबॅक व सेफ्टी. कॉर्नरबॅक कडेला उभा राहून समोरच्या रिसीव्हरला धरून असतो. सेफ्टी सहसा मधल्या भागात, सगळ्यांच्या मागे उभा असतो. गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींनी जुन्या काळातला ‘स्वीपर’ आठवावा, म्हणजे कल्पना येईल. पुढची फळी फुटली, की शेवटी हाच एक माणूस उरतो.

पूर्वी सेफ्टीचे दोन सरळ प्रकार मानले जात. ‘फ्री सेफ्टी’ खोलवर राहून लांब पास अडवायचा. ‘स्ट्राँग सेफ्टी’ पुढे येऊन चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा करायचा. आता ही विभागणी बरीच पुसट झाली आहे. पासचा खेळ वाढल्यामुळे निम्म्याहून अधिक वेळा बचावात पाच किंवा त्याहून जास्त मागचे खेळाडू उतरवले जातात. त्यामुळे एकाच सेफ्टीला कधी खोलवर राखण करावी लागते, कधी रिसीव्हर आणि लाइनमन यांच्यामधल्या ‘स्लॉट’च्या जागेवर चपळ गड्याला धरावे लागते, तर कधी थेट क्वार्टरबॅकवर धावून जावे लागते.

एक गोंधळ टाळावा. याच खेळात ‘सेफ्टी’ नावाने दोन गुणही मिळतात. चेंडू घेतलेल्या खेळाडूला त्याच्याच गोलपट्टीत पाडले की ते मिळतात. त्याचा या जागेशी संबंध नाही.

ड्राफ्टचा हिशेब

पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियात झाला. मागच्या मोसमात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिली निवड, हे मूळ तत्त्व आजही तसेच आहे. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. ज्या संघाने नाव घेतले, त्याच संघाशी खेळाडूने करार करायचा. शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडू पात्र ठरत नाही. म्हणजे निवडली जाणारी मुले साधारण २१ ते २३ वर्षांची असतात.

२०११च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार बहुतांशी निवडीच्या क्रमांकावरच ठरतो. करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा हक्क संघाला मिळतो. त्यामुळे पहिल्या फेरीतला आणि तिसऱ्या फेरीतला खेळाडू यांच्या कमाईत मोठी तफावत पडते. संघाच्या बाजूने पाहिले, तर वरची निवड चुकली म्हणजे भांडवलच बुडाले. ती निवड परत मिळत नाही.

या हिशेबात सेफ्टी बहुधा मागे पडतो. आतापर्यंत अगदी वर गेलेली नावे थोडी आहेत. १९९१ मध्ये एरिक टर्नर दुसऱ्या क्रमांकावर, १९८१ मध्ये केनी ईझली चौथ्या, तर शॉन टेलर (२००४) आणि एरिक बेरी (२०१०) पाचव्या क्रमांकावर घेतले गेले. याउलट २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ या चार वर्षांत पहिल्या फेरीत एकही सेफ्टी गेला नाही. २०२५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा मलाकी स्टार्क्स २७व्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला, तो त्या फेरीतला एकमेव सेफ्टी.

संघांचा युक्तिवाद असा, की क्वार्टरबॅक, त्याला वाचवणारा टॅकल आणि त्याच्यावर चाल करणारा पास रशर हे आधी घ्यावेत. चांगला सेफ्टी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही सापडतो. मात्र हातात आलेला चांगला सेफ्टी टिकवायचा तर पैसे मोजावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये रेव्हन्सनी काइल हॅमिल्टनशी चार वर्षांसाठी १० कोटी डॉलरहून थोडा जास्त रकमेचा करार केला. वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या वर सरासरी गाठणारा तो पहिला सेफ्टी.

टीव्हीवर न दिसणारी फिल्म

पारख सुरू होते फिल्मपासून. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो. सेफ्टी चेंडूपासून १२-१५ यार्ड मागे असतो, त्यामुळे खेळ सुरू होताना तो बऱ्याचदा चौकटीतच नसतो. म्हणून स्काउट उंचावरून घेतलेली, सर्व २२ खेळाडू दिसणारी फिल्म पाहतात. तिकडे तिला ‘ऑल-२२’ म्हणतात. सेफ्टीबद्दल ठाम मत द्यायचे, तर ही फिल्म पाहिल्याशिवाय पर्याय नाही.

या फिल्ममध्ये सर्वप्रथम पाहिली जातात पहिली दोन पावले. क्वार्टरबॅकने चेंडू दिल्याची हूल दिली, की कच्चा सेफ्टी पुढे धाव घेतो आणि त्याच्या डोक्यावरून पास निघून जातो. चांगला सेफ्टी नजर योग्य ठिकाणी ठेवतो आणि पाय मोकळे ठेवतो. दुसरी गोष्ट म्हणजे आवाका. मधोमध उभा राहून तो कडेच्या रेषेपर्यंत चेंडूआधी पोहोचतो का? तिसरी गोष्ट संवाद. खेळ सुरू होण्याआधी तो हातवारे करून सहकाऱ्यांच्या जागा बदलतो का, की दुसऱ्याकडे बघून स्वतः हलतो? चौथी गोष्ट फसवणूक. उभा एका ठिकाणी राहायचे आणि चेंडू सुटताच भलत्याच जागी पोहोचायचे, हे ज्याला जमते तो क्वार्टरबॅकला गोंधळात टाकतो.

यातली अर्धी कामे कोणत्याही आकडेवारीत येत नाहीत. सेफ्टी योग्य जागी होता म्हणून क्वार्टरबॅकने तिकडे पासच टाकला नाही, तर त्याची नोंद कुठे करणार? तो संपूर्ण सामन्यात असाच खेळला तर त्याच्या नावापुढे शून्य दिसते, आणि संघासाठी ते शून्यच मोलाचे असते.

कॉलेजचे मैदान वेगळे

कॉलेज आणि एनएफएल या दोन्हींतले मैदान १६० फूट रुंदच असते, पण चेंडू ठेवण्याच्या खुणांमधले अंतर वेगळे. कॉलेजमध्ये या दोन खुणा एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या खुणेवर ठेवला तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे तब्बल १०० फूट जागा उरते. एनएफएलमध्ये हेच अंतर साधारण ७१ आणि ८९ फूट होते.

या एका फरकाने सेफ्टीचे काम बदलते. कॉलेजमध्ये काही सेफ्टींना कायम अरुंद बाजूला ठेवून त्यांची कमजोरी झाकता येते. एनएफएलमध्ये दोन्ही बाजू जवळपास सारख्या असल्याने तशी लपायला जागा राहत नाही.

नियमांतही फरक आहे. पासच्या वेळी आक्रमक संघाचे लाइनमन कॉलेजमध्ये तीन यार्डपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे धाव आहे की पास, हे शेवटच्या क्षणापर्यंत न कळणारे डाव कॉलेजमध्ये जास्त चालतात. तिथे एखादा सेफ्टी फसलेला दिसला, तर दोष त्याचा की डावाचा, हे तपासूनच गुण कापावे लागतात. प्रशिक्षकाने त्याला कोणती जबाबदारी दिली होती, तेही विचारावे लागते. नाहीतर दुसऱ्याची चूक याच्या खात्यावर पडते.

टॅकल: आवाज नको, अचूकता हवी

सेफ्टीचे टॅकल हे शेवटचे टॅकल असते. लाइनबॅकरचे हुकले तर मागे कोणीतरी असतो. सेफ्टीचे हुकले तर मागे रिकामे मैदान असते. म्हणून स्काउट किती टॅकल केले यापेक्षा किती हुकले, आणि कुठे हुकले, हे मोजतात. गर्दीत हुकणे वेगळे आणि मोकळ्या मैदानात हुकणे वेगळे.

धडक मारण्याचा जोर पूर्वी फार मिरवला जायचा. आता नियम बदलले आहेत. कॉलेजमध्ये डोके लक्ष्य करून धडक मारली तर २०१३पासून खेळाडूला सामन्याबाहेर काढतात. एनएफएलने २००५ मध्ये मागून गळपट्टी धरून खाली ओढण्यावर बंदी घातली. डॅलस काउबॉइजचा सेफ्टी रॉय विल्यम्स अशा टॅकलसाठी ओळखला जायचा. २०२४ मध्ये कमरेला धरून पायांवर अंग टाकण्याच्या ‘हिप-ड्रॉप’ टॅकलवरही बंदी आली.

हाच विल्यम्स २००२च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर गेला होता. त्याच वर्षी मायामी विद्यापीठाचा एड रीड २४व्या क्रमांकापर्यंत खाली आला आणि बाल्टिमोरने त्याला घेतले. विल्यम्स पाच वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला, म्हणजे निवड फसली असे म्हणता येत नाही. पण रीडने ६४ इंटरसेप्शन घेतले आणि २०१९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. धडक सर्वांना दिसत होती. रीडचा अंदाज बघायला फिल्म पुन्हा पुन्हा लावावी लागत होती.

इंटरसेप्शनचे आकडे कसे वाचावेत?

समोरच्याचा पास झेलला की इंटरसेप्शन. हा आकडा आकर्षक, पण फसवा. काही चेंडू दुसऱ्याच्या हाताला लागून उडतात आणि आयते हातात पडतात. म्हणून प्रत्येक इंटरसेप्शन स्वतंत्र पाहावे लागते: सेफ्टी अंदाज घेऊन तिथे पोहोचला, की चेंडूच त्याच्याकडे आला?

छोट्या कॉलेजमधल्या खेळाडूचे आकडे आणखी सावधपणे घेतले जातात, आणि कधी कधी ही सावधगिरी अंगाशी येते. मिडल टेनेसी स्टेटच्या केव्हिन बायर्डने कॉलेजमध्ये १९ इंटरसेप्शन घेतले होते. तरी २०१६ मध्ये त्याला कम्बाइन या अधिकृत चाचणीचे बोलावणेही आले नाही. टेनेसी टायटन्सनी त्याला तिसऱ्या फेरीत ६४व्या क्रमांकावर घेतले. पुढच्याच मोसमात आठ इंटरसेप्शन घेऊन तो लीगमध्ये संयुक्तपणे अव्वल राहिला.

२०२२चा ड्राफ्टही बोलका आहे. डॅक्स्टन हिल ३१व्या आणि लुइस सीन ३२व्या क्रमांकावर, दोघेही पहिल्या फेरीत गेले. इलिनॉयचा कर्बी जोसेफ तिसऱ्या फेरीत ९७व्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला. २०२४ मध्ये नऊ इंटरसेप्शन घेऊन तोच लीगमध्ये पहिला आला. त्याच वर्षी हिलला सिनसिनाटीने कॉर्नरबॅकच्या जागी हलवले होते.

इंडियानापोलिसचे मोजमाप

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन भरते. तिथे उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, वळसे घेत पळण्याच्या चाचण्या आणि २२५ पाउंड, म्हणजे सुमारे १०२ किलोचा भार उचलणे, असा कार्यक्रम असतो. नंतर प्रत्येक विद्यापीठात ‘प्रो डे’ होतो. त्याआधी अलाबामातील मोबील शहरात ‘सीनियर बोल’ खेळला जातो. त्याच्या सरावात मोकळ्या जागेत एकास एक झुंजी पाहायला मिळतात.

या मोजमापाचा मोह किती धरावा, यासाठी तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

- कनेक्टिकट विद्यापीठाचा ओबी मेलिफॉनवू २०१७ मध्ये सहा फूट चार इंच उंच, धाव ४.४० सेकंद, उभी उडी ४४ इंच. रेडर्सनी ५६व्या क्रमांकावर घेतले. दुखापतींनी घेरले, पहिल्या मोसमात पाचच सामने झाले आणि दुसरा मोसम संपण्याआधी संघाने त्याला मोकळे केले.
- नोत्र दामचा काइल हॅमिल्टन २०२२ मध्ये ४.५९ सेकंदांत धावला. पहिल्या पाचांत जाईल असे बोलले जाणारा हा खेळाडू १४व्या क्रमांकापर्यंत घसरला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, तो लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. मोठ्या कराराचा उल्लेख वर आलाच आहे.
- साउथ कॅरोलिनाचा निक एमनवोरी २०२५ मध्ये सहा फूट तीन इंच, सुमारे १०० किलो, धाव ४.३८ सेकंद, उभी उडी ४३ इंच. इतके असूनही पहिली फेरी हुकली. सिअॅटल सीहॉक्सनी ३५व्या क्रमांकावर घेतले.

हॅमिल्टनच्या वेळी अनेकांनी घड्याळ पाहिले. तो चेंडू सुटण्याआधीच निघायचा, हे घड्याळात येत नाही. अर्धे पाऊल आधी निघणारा खेळाडू सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची उणीव सहज भरून काढतो. मात्र याचा अर्थ वेगाला किंमत नाही, असा नाही. मैदानाच्या मधोमध एकट्याने खोल राखण करायची असेल, तर किमान वेग लागतोच. संघाला सेफ्टीकडून कोणते काम हवे आहे, त्यावर तो किमान आकडा ठरतो.

दुखापत आणि मुलाखत

सेफ्टी धावत येऊन धडकतो, त्यामुळे खांदा, गुडघा, घोटा आणि डोके यांवर ताण येतो. कम्बाइनमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग वैद्यकीय तपासणीचा असतो, असे संघ मानतात. जुनी कागदपत्रे, एक्स-रे, एमआरआय सगळे पाहिले जाते.

तरी इथेही एकच निकष चालत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या अँटोइन विनफिल्ड ज्युनियरचे २०१७ आणि २०१८ हे दोन्ही मोसम दुखापतीमुळे चार-चार सामन्यांवर थांबले. उंचीही पाच फूट नऊ इंच. २०१९ मध्ये पूर्ण मोसम खेळून त्याने सात इंटरसेप्शन घेतले. टँपा बेने २०२० मध्ये ४५व्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच वर्षी तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. दुसरीकडे लुइस सीन धडधाकट होता, ४.३७ सेकंदांत धावला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनमधल्या सामन्यात त्याचा पाय मोडला. मिनेसोटा वायकिंग्जनी ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला सोडले. आधीची दुखापत हा धोका आहे, भविष्यवाणी नव्हे; आणि दुखापत नसणे ही हमीही नव्हे.

मुलाखतीत संघाचे लोक फळ्यावर डाव काढायला लावतात, त्याचीच एखादी चूक फिल्मवर दाखवून ‘इथे काय झालं?’ असे विचारतात. उत्तरात तो स्वतःची जबाबदारी सांगतो की सहकाऱ्यावर ढकलतो, हे पाहिले जाते. वागणुकीचा इतिहासही तपासला जातो. टायरन मॅथ्यू याला नियमभंगामुळे २०१२ मध्ये एलएसयूने संघातून काढले होते. तो २०१३ मध्ये तिसऱ्या फेरीत ६९व्या क्रमांकापर्यंत घसरला. अॅरिझोनाने त्याला घेतले आणि २०१५ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम संघात होता.

वाचताना, पाहताना काय तपासावे?

ड्राफ्टच्या आधी असंख्य याद्या फिरतात. कोणत्याही सेफ्टीबद्दलचे मत वाचताना पुढील प्रश्न हाताशी ठेवावेत.

१. कॉलेजमध्ये तो नेमका कुठे उभा राहायचा? खोलवर, स्लॉटमध्ये की पुढे?
२. हूल दिल्यावर पहिली दोन पावले कुठे पडतात?
३. मोकळ्या मैदानात टॅकल किती हुकतात?
४. इंटरसेप्शन अंदाजाने घेतले की आयते मिळाले?
५. तगड्या संघांविरुद्धची फिल्म कशी आहे?
६. एकच चांगला मोसम आहे की दोन-तीन?
७. वैद्यकीय इतिहास काय सांगतो?
८. घेणाऱ्या संघाला याच प्रकारचा सेफ्टी हवा आहे का?

आठवा प्रश्न बऱ्याचदा निसटतो. दोन सेफ्टी खोल ठेवणाऱ्या संघात शोभणारा खेळाडू एकट्याने मध्य राखणाऱ्या संघात उघडा पडू शकतो. खेळाडू तोच, पण जागा चुकली की चार वर्षांचा करार वाया जातो. त्याची झळ संघापेक्षा त्या २२ वर्षांच्या मुलाला जास्त लागते. संघाला पुढच्या एप्रिलमध्ये नवी निवड मिळते, मुलाला दुसरा ड्राफ्ट मिळत नाही.

अर्थात, नाव पुकारले गेले नाही म्हणून दार कायमचे बंद होत नाही. निवड न झालेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करून सरावात उतरू शकतो. १९७० आणि १९७४ मध्ये ड्राफ्ट १७ फेऱ्यांचा होता. तेवढ्या फेऱ्यांतही १९७० मध्ये क्लिफ हॅरिसला आणि १९७४ मध्ये डॉनी शेलला कोणी घेतले नाही. दोघेही सेफ्टी. हॅरिस डॅलसकडून, शेल पिट्सबर्गकडून सराव शिबिरात उतरले आणि संघात टिकले. दोघांचीही २०२०च्या तुकडीत हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली.